पंधराचा वर्ग

पंडिता रमाबाई हे नाव आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. शाळेत जोड्या लावा या प्रश्नात त्या हमखास असायच्या. डाव्या बाजूला पंडिता रमाबाई, उजव्या बाजूला शारदा सदन. मध्ये रेघ ओढली की एक मार्क खिशात. तो मार्क घेऊन आपण सगळे पुढे गेलो, सी.ई.टी. दिली आणि इथे येऊन पोचलो. त्या रेघेच्या मध्ये एक अख्खं आयुष्य होतं याची चौकशी करायला वेळ कोणाला होता?

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. (आमच्या मोर्शीकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, पण माझी खरोखरच सिस्टर लोकांची होती.) घरी देव्हारा, शाळेत सकाळची प्रेअर, दोन्हींत कधी भांडण झालं नाही. मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टर सांगायच्या की देव माणसाशी आतून बोलतो आणि तो बोलला की माणसाला स्वतःत काहीतरी बदलावं लागतं. मला तेव्हापासून प्रश्न आहे की तो बोलला हे कळतं कसं? आपल्याच मनाचे खेळ नसतील कशावरून? आणि बदलायचं म्हणजे नेमकं काय? आमची उत्तरं डबा शेअर करणे, खोटं न बोलणे याच्या पलीकडे जात नसत. सहाव्या सेमच्या सुट्टीत रमाबाईंचं चरित्र हातात आलं आणि पहिल्यांदा वाटलं की या प्रश्नाला उत्तर देणारं माणूस सापडलं, तेही मराठी. म्हणून हा लेख. यात समाजसुधारक रमाबाई जरा मागे राहतील, कारण मला सांगायचंय ते त्यांच्या आत काय काय बदलत गेलं ते.

जन्म २३ एप्रिल १८५८, गंगामूळच्या जंगलात. हे ठिकाण आता कर्नाटकात येतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं. लोकांचा इतका विरोध झाला की ते सरळ रानात जाऊन राहिले. आईनं, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, पुढे रमाला शिकवलं. पैसा संपला तेव्हा सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात, घाटावर बसून पुराण सांगायचं आणि लोक जे देतील त्यावर दिवस काढायचे. शाळेचं तोंड न पाहिलेली ही मुलगी भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ म्हणायची.

१८७०च्या दशकात मद्रासकडे दुष्काळ पडला. काही महिन्यांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली, नंतर मोठी बहीण गेली. भुकेनं आणि भुकेतून आलेल्या आजारानं. आई गेली तेव्हा तिला उचलायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. भाऊ श्रीनिवास धरून तीन झाले, चौथा खांदा रमाचा. उंची कमी होती म्हणून खांद्यावर टेकेना, तेव्हा तिनं आपली बाजू डोक्यावर घेतली आणि मैलोन् मैल चालली.

मग उरले भाऊ-बहीण दोघं. दोघं पायी हिंदुस्थानभर फिरले. रमाबाईंच्या स्वतःच्या हिशेबानं चार हजार मैलांहून जास्त, म्हणजे साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, तर दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यात झोपले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली. हॉस्टेलच्या गीझरवरून आपण जी भांडणं करतो ती आठवून मी इथे पुस्तक मिटून ठेवलं होतं.

एवढं बालपण लांबवलं त्याला कारण आहे. ही भूक त्यांच्या आत कुठेतरी साठून राहिली आणि वीस वर्षांनी वर आली. ते पुढे येईलच.

मधली वर्षं भराभर सांगते, कारण ती पुस्तकात आहेत. १८७८ला कलकत्ता. तिथल्या विद्वानांनी तिचं संस्कृत ऐकून पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, जातीबाहेर आणि रजिस्टर पद्धतीनं. १८८१ला मुलगी मनोरमा, १८८२च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्यानं गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेलेले आणि कडेवर दहा महिन्यांची पोर! तिथून पुणे, आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढे बायकांच्या शिक्षणाबद्दलची साक्ष, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक. आणि १८८३मध्ये इंग्लंड. जायचं होतं डॉक्टर व्हायला. पण कान अधू झाले होते, कमी ऐकू येणाऱ्या बाईला डॉक्टर कसं करणार? ते स्वप्न तिथेच संपलं.

ख्रिस्ताची ओळख त्याआधीच, आसामात सिल्चरला झाली होती. घरातल्या पुस्तकांत बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. कुठून आलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. वाचून मन ओढलं गेलं, पण नवऱ्याला ते आवडलं नाही आणि विषय तिथेच थांबला. खरी कलाटणी मिळाली ती इंग्लंडमध्ये. वाँटेज नावाच्या गावी सिस्टर लोकांच्या मठात त्या राहत होत्या. त्यांना एकदा लंडनजवळ फुलहॅमला नेलं. तिथे ज्यांना समाज पतित म्हणतो अशा बायकांना सिस्टर लोक सांभाळत होत्या, मायेनं, तोंड न फिरवता. रमाबाईंनी आयुष्यभर शास्त्रं वाचली होती. अशा बाईला शास्त्रात काय शिक्षा सांगितलीय हे त्यांना पाठ होतं. इथे त्याच बाईला कोणीतरी जेवायला वाढत होतं. त्यांनी विचारलं की हे का करता. उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेल्या, गावानं टाकलेल्या बाईकडे येशू पाणी मागतो, ती गोष्ट. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली.

बहुतेक लेख इथे धर्मांतर असा मथळा देऊन त्यांचा आतला प्रवास संपवतात. माझ्या मते तो इथे जेमतेम सुरू झाला.

एक तर त्या कोणाच्या मुठीत गेल्या नाहीत. सिस्टर लोकांनी क्रॉस दिला, त्यावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी तो घालायला नकार दिला. आपल्या लोकांना न कळणारी भाषा गळ्यात कशाला? मांसमच्छी खाल्ली नाही, अंडंही नाही. शिकवलं ते सगळं मुकाट्यानं मान्य केलं नाही, पत्रांतून वाद घातले. मला हे वाचताना फार मजा आली, कारण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरशी वाद घालायचा असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं! गंमत अशी की त्यांचा हट्ट आणि त्यांची श्रद्धा यांचं एकमेकींशी वैर नव्हतं. जे मनाला पटलं त्यासाठी आयुष्य बदललं, आणि जे नुसतं इंग्रजी होतं ते परत केलं.

१८८६मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे बालविधवांवर पुस्तक लिहिलं, गावोगावी व्याख्यानं दिली, आणि बोस्टनच्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं पैसे देण्याचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, महर्षी कर्व्यांच्या पत्नी.

यश होतं, नाव होतं. आणि बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, १८९१च्या सुमारास, रमाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नाही सापडला. हे त्यांनी नंतर स्वतः लिहून ठेवलंय. विचार करा, जिच्या धर्मांतरावरून अख्खं पुणं पेटलं, ती बाई आपल्याच मनाशी कबूल करते की मी नियम बदलले, पंथ बदलला, पण आत अजून मीच बसलेली आहे. आपण साधा चुकलेला प्रोजेक्ट टॉपिक कबूल करत नाही, गाईडसमोर रेटत राहतो. रमाबाईंनी आठ वर्षांची गुंतवणूक तपासायला काढली. त्यानंतर त्यांची प्रार्थना बदलली. आपण ठरवायचं आणि देवानं सही करायची हा प्रकार बंद झाला. कुठलंही काम हातात घेण्याआधी विचारायचं आणि थांबायचं, हे सुरू झालं.

याचा पहिला झटका बसला १८९३मध्ये. सदन सगळ्या धर्मांच्या मुलींसाठी होतं, कोणावर सक्ती नव्हती. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं, आणि मुली येऊन बसायच्या. काही मुलींना तो धर्म जवळचा वाटू लागला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार मंडळात होती, त्यांनी अंग काढून घेतलं. पालकांनी पंचवीसएक मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार बंद करायचं नाकारलं. इथे मला दोन्ही बाजू कळतात. आपली विधवा मुलगी शिकायला म्हणून पाठवणाऱ्या बापाला काय वाटलं असेल हे समजायला फार कल्पना लागत नाही. आणि स्वतःच्या खोलीत स्वतःच्या देवाला दार लावून भेट, असं सांगितलं तर कोणालाही अपमानच वाटणार. रानडे चुकले असं मी म्हणणार नाही, पण मन जातं ते त्या उघड्या दाराकडे.

आता गणित. १८९६च्या एप्रिलमध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं शिबिर होतं. रमाबाई पंधरा मुलींना घेऊन गेल्या. या पंधरा जणींनी श्रद्धा पत्करलेली होती. एके दिवशी पहाटे त्या एकट्याच रानात जाऊन बसल्या आणि त्यांच्या मनात आलं की देवाकडे मागावं, पुढच्या शिबिराच्या आत या आकड्याचा वर्ग होऊ दे. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. सदनात तेव्हा जागा होती पन्नास-साठ जणींची! मागून झाल्यावर त्यांनाही ते अशक्य वाटलं. पण त्यांनी तो आकडा लिहून ठेवला.

आता जरा आमच्या मोर्शीला यावं लागेल. वरूड-मोर्शी म्हणजे संत्रा, हे कोणाला सांगायला नको. आमच्या घरीही बाग आहे. संत्र्याचं झाड लावलं की पाच-सहा वर्षं नुसतं पोसायचं असतं. पाणी, खत, फवारा, राखण, सगळा खर्च जाणारा, येणारा रुपया नाही. तोवर बँकेचं व्याज चालू. बाग फळावर येण्याआधीची दोन वर्षं ही घरातल्या सगळ्यात चिडक्या बोलण्याची वर्षं असतात. हे सांगितलं अशासाठी की रमाबाईंनीही नेमकी फळबाग लावली होती. अमेरिकेची दहा वर्षांची मदत १८९८मध्ये संपणार होती. पुढे काय, म्हणून त्यांनी पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर, केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, संत्री, लिंबं, आंबे लावले. हिशेब पक्का होता की फळ सुरू झालं की सदन स्वतःच्या पायावर उभं राहील. आमच्या बाबांनी केला असता तसाच हिशेब.

आणि बाग फळावर यायच्या आत, १८९६च्या अखेरीस, मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

मध्य प्रांत म्हणजे जबलपूर, बैतूल, छिंदवाडा हा सगळा मुलूख. मोर्शीहून उत्तरेला बघितलं की सातपुडा दिसतो. महाशिवरात्रीला आम्ही ज्या सालबर्डीच्या यात्रेला जातो तिथून नदी ओलांडली की मध्य प्रदेश. म्हणजे हा दुष्काळ आमच्या डोंगराच्या पलीकडचा, आणि वऱ्हाडालाही त्याची झळ होतीच. बातम्या पुण्याला पोचल्या. रमाबाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की जावं. आणि लगेच दुसरा विचार, की कशाला? पैसा नाही, जागा नाही, मदत संपत आलीय, बाग अजून लहान आहे, शिवाय आहेत त्या मुलींची जबाबदारी. त्यांनी काही दिवस तो विषय मनातून ढकलून पाहिला. ढकलता येईना. भूक म्हणजे काय, आईला डोक्यावर वाहून नेणं म्हणजे काय, हे त्यांना वाचून माहीत नव्हतं. रानावनात भटकणारी उपाशी पोर डोळ्यांपुढे आली की ती वीस वर्षांपूर्वीची त्या स्वतः असायच्या. झोप लागेना. शेवटी त्यांना वाटलं की देव आपल्याला आठवण करून देतोय. तुला त्यातून बाहेर काढलं ते कशासाठी?

सिस्टरना मी विचारायची ना, की देव बोलला हे कळतं कसं? रमाबाईंच्या बाबतीत मला एक खूण दिसते. सोयीचं होतं ते कधीच त्यांना आतून ऐकू आलं नाही. मोठी इमारत बांध, तुझं नाव होईल, असं नाही आलं. आलं ते नेमकं हिशेब मोडणारं आणि स्वतःच्या जुन्या जखमेवर बोट ठेवणारं. मनाचे खेळ सहसा आपल्या फायद्याचे असतात. मला तरी तोच अनुभव आहे, विशेषतः सबमिशनच्या आदल्या रात्री.

१८९७च्या सुरुवातीला त्या निघाल्या. मध्य प्रांतातली रिलीफ कॅम्प आणि पुअर हाऊसेस त्यांनी पाहिली. माणसं हाडांचे सापळे झालेली, हे अपेक्षितच होतं. पण त्यांच्या लक्षात आलं ते त्याहून वाईट होतं. एकट्यादुकट्या तरुण मुलींवर टपलेले लोक तिथेच वावरत होते, आणि ज्यांनी राखण करायची त्या मुकादमांपासूनही मुली सुरक्षित नव्हत्या. मूठभर धान्यासाठी काय काय द्यावं लागत होतं हे त्यांनी लिहून छापलं. आणि मुली गोळा करून गाडीनं आणायला सुरुवात केली. काही महिन्यांत आकडा तीनशेच्या वर गेला. दोनशे पंचवीस केव्हाच मागे पडले होते.

इथे एक गोष्ट चटकन वाचून पुढे जाण्यासारखी नाही. शारदा सदन मूळचं उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. त्यांचा स्वयंपाक, सोवळं-ओवळं सांभाळलं जायचं. आणि आता दारात आल्या त्या कुठल्याही जातीच्या, उवांनी भरलेल्या, अंगावर फोड, अतिसार झालेल्या, शिव्या देणाऱ्या, भाकरी लपवून ठेवणाऱ्या मुली. त्यांना धुतलं, पुसलं, भरवलं कोणी? सदनातल्या जुन्या मुलींनी. कालपर्यंत ज्या स्वतः कोणाच्या तरी घरात अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसत होत्या, त्या आता कोणाच्या तरी आई झाल्या. रमाबाईंना आलेली हाक त्यांच्यापुरती राहिलीच नाही.

त्यातच पुण्यात प्लेग. शहरात इतकी गर्दी ठेवायला परवानगी मिळेना. मग एवढ्या मुली न्यायच्या कुठे? केडगावला, त्या लहान बागेत. तंबू, झोपड्या उभ्या राहिल्या. ज्या जमिनीतून पैसा उगवणार होता तिच्यात माणसं उगवली, असं मला लिहायचा मोह होतोय, पण भाषण होईल, असो. प्लेगच्या हॉस्पिटलात बायकांचे जे हाल चालले होते त्यावर रमाबाईंनी मे १८९७मध्ये मुंबईच्या वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध सडकून पत्र लिहिलं. ख्रिस्ती झाल्या म्हणून साहेबाच्या बाजूनं गेल्या, असं म्हणणाऱ्यांनी ते पत्र जरूर लक्षात घ्यावं.

केडगावचं नाव पडलं मुक्ती. १८९९-१९००ला पुन्हा दुष्काळ, या वेळी गुजरात-राजस्थानकडे जास्त. तिथूनही मुली आल्या. मुक्तीत जवळजवळ दोन हजार जणी झाल्या. जेवण, कपडे, शाळा तर होतीच, शिवाय हातमाग, तेलघाणा, गोठा, छापखाना. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती, तिनं अंध मुलींचा वर्ग काढला. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. फुलहॅमला पाहिलेली गोष्ट सतरा वर्षांनी केडगावात उभी राहिली.

१९००च्या पाण्याची हकीकत तर आमच्या भागातल्या माणसानं वाचावीच. आमच्याकडे बोअर आठशे फुटांच्या खाली जातात आणि तरीही एप्रिलमध्ये मोटर नुसती हवा ओढते, त्यामुळे विहिरीबद्दल कोणी चमत्कार सांगू लागलं की आम्ही आधी हसतो. रमाबाई लिहितात की त्या वर्षी पाऊस नव्हता, आजूबाजूच्या विहिरी आटल्या. मुक्तीत एकोणीसशे माणसं, शंभराच्या वर गुरं, वर बांधकाम चालू. संध्याकाळी विहिरीचा तळ दिसायचा. सकाळी पुन्हा दिवसभर पुरेल एवढं पाणी आलेलं असायचं. मी सिव्हिलची नाही, पण रिचार्ज रेट नावाचा प्रकार मला ठाऊक आहे. झरा रात्रभर पाझरतो आणि सकाळपर्यंत भरतो. रमाबाईंना बहुधा हे खुलासे कोणी तेव्हाही दिले असतील. पण रोज संध्याकाळी रिकामी विहीर बघून, उद्या एकोणीसशे जणींना पाणी मिळेल असं म्हणून झोपायला जायचं, हे काही रिचार्ज रेटनं होत नाही. आम्ही मोर्शीकर तर रात्रभर टँकरवाल्याला फोन करत बसलो असतो.

आता अवघड प्रश्न. उपाशी मुलींना अन्न दिलं आणि ख्रिस्ती केलं, हा आरोप तेव्हाही झाला, अजूनही होतो. तो हसण्यावारी नेऊ नये. सात वर्षांची पोर श्रद्धा निवडते म्हणजे नक्की काय करते, हे मला सांगता येणार नाही. जिनं जेवू घातलं तिचा देव तो माझा देव, असं कुठलंही लेकरू म्हणेल. पण त्या पोरीपुढे त्या दिवशी दुसरे पर्याय कोणते होते, हेही त्याच दमात विचारायला हवं. तिला घ्यायला दुसरे फार कोणी आले नव्हते. आले होते ते कोण होते, हे रमाबाईंनी लिहून ठेवलेलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत.

आणखी एक किंमत आहे, ती चरित्रांमध्ये तळटीप म्हणून येते. मनोरमा. दोन वर्षांची असताना आईबरोबर इंग्लंडला, मग काही काळ आईपासून दूर सिस्टर लोकांकडे, मग शिक्षणासाठी पुन्हा परदेशी, आणि परत आली ती थेट आईच्या कामात. हाक आईला आली होती. मुलीला वेगळी आली होती का, हे कोणी विचारलं असेल? तिनं मुक्तीसाठी काम करता करता तब्येत घालवली. तिचं अंध मुलींचं काम वाचलं की मात्र वाटतं, ही नुसती आईची सावली नव्हती.

१९०५मध्ये मुक्तीत मोठं धार्मिक जागरण झालं. शेकडो मुली रडत, मोठ्यानं प्रार्थना करत, आपली पापं कबूल करत. जगभर त्याची चर्चा झाली. खरं सांगू, तो भाग मला फारसा झेपला नाही, त्यामुळे त्यावर लिहीत नाही.

मला झेपलं ते त्यांचं शेवटचं काम. त्या वेळचं मराठी बायबल रमाबाईंना जड वाटायचं, संस्कृत शब्दांनी भरलेलं. ज्यांच्यासाठी ते होतं त्या गावच्या बायकांना ते कळेना. म्हणजे बघा, ज्या बाईला संस्कृतसाठी सरस्वती पदवी मिळाली, जिच्या आईनं संस्कृतपायी रानात संसार केला, तिनंच ठरवलं की संस्कृत बाजूला ठेवायचं. हा मला त्यांच्या सगळ्या बदलांतला सर्वात मोठा वाटतो. देव, धर्म, देश बदलणं एक वेळ जमेल, पण आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं तेच खाली ठेवणं? त्यासाठी त्यांनी पन्नाशीच्या आसपास मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. अधू कान, दिवसभर मुक्तीचा कारभार, आणि उरलेल्या वेळात शब्दकोश. पंधराएक वर्षं हे काम चाललं. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं मुक्तीतल्या बायका करत होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून आलेल्या होत्या. नवा करार आधी छापून झाला.

सरकारनं १९१९मध्ये कैसर-ए-हिंद पदक दिलं. २४ जुलै १९२१ला मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. रमाबाईंचं भाषांतर अजून पुरं व्हायचं होतं. त्या पुन्हा कामाला बसल्या, आणि ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच गेल्या.

अख्खं बायबल छापून बाहेर पडलं ते त्यानंतर, १९२४मध्ये. मुक्ती मिशन केडगावला अजून आहे. मनमाड-दौंड मार्गानं पुण्याला जाणाऱ्या आपल्या गाड्या त्या स्टेशनवरूनच जातात. पहाटे सगळे वरच्या बर्थवर झोपलेले असतात, पण दौंड गेल्यावर डाव्या-उजव्या खिडकीतून बघत राहिलं तर केडगाव नावाची पिवळी पाटी दिसते.